तिसऱ्या प्रश्नातली रेघ

“मामा, तिसरा सुटंना. तीनदा केला,” माठापाशी उभी असलेली मुलगी कॉलेजच्या शिपायाला सांगत होती.

“तुजा भाऊबी गेल्या साली असाच पानी पिऊन पिऊन नापास झाला. जा आत, घड्याळ पळतंय.”

“भावाचं चालतं वं. मी नापास झाले तर आण्णा परत सोनईतून हलू द्यायचे न्हाईत.”

मी ऑफिसच्या दारात पुरवण्यांचा गठ्ठा घेऊन उभी होते. गणिताचा तो पेपर मीच टाइप केला होता.

एकाहत्तर-बाहत्तरचं वर्ष असेल. बेलापूरहून बसने येऊन मी त्या कॉलेजात तात्पुरती टायपिस्ट म्हणून काम करत होते. इंग्रजी शाळेतली, म्हणून इंग्रजीतले पेपर माझ्याकडे. माझ्या मराठीला ऑफिसात हसत, म्हणून मी बोलणंच टाळायची.

पेपराच्या प्रती काढायच्या स्टेन्सिलवर टाइप करताना टाइपरायटरची रिबन बाजूला करतात. अक्षर मेणकागदात कोरलं जातं, डोळ्यांना धड दिसत नाही. अपूर्णांक आला की रोलर अर्धं घर फिरवून वरचा भाग, उलटा फिरवून खालचा, आणि मधे आडवी रेघ. ती रेघ सलग मारली की कागद पात्याने चिरल्यासारखा फाटायचा. त्या आठवड्यात माझ्या हातून दोन स्टेन्सिलं फाटली होती.

“कॉन्व्हेंटताई, तिसरं फाडलंत तर साहेबांपुढं तुम्हीच जायचं,” हेडक्लार्क भाऊसाहेब म्हणाले होते. “एका ओळीत मारा की, तिरकी रेघ घालून. पोरांना कळतं.”

मी मारलं: x+1/x-1. गणिताच्या सरांच्या हस्ताक्षरात आडव्या रेघेवर x+1 होतं, खाली x-1. एका ओळीत आणल्यावर दोन्हीकडे कंस हवेत, हे मला तेव्हाच जाणवलं होतं. पण सरांच्या कागदावर कंस नव्हते, आणि पेपरात आपल्या मनाचं काही घालायचं नाही असं मला बजावलेलं. सर पुण्याला गेलेले. भाऊसाहेबांनी स्टेन्सिल उजेडाला धरलं, “अक्षरं स्वच्छ आलीत” म्हणाले. मी मान हलवली.

आता वाचणाऱ्याला वाटणार, एकट्या एकाला x ने भागायचंय. तसं धरलं तर जे सिद्ध करायला सांगितलं होतं ते सिद्ध होणारच नव्हतं. प्रश्न सक्तीचा होता.

मी भाऊसाहेबांच्या टेबलापाशी गेले आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

“पाऊण तास राहिलाय. आता तोंड उघडलंत तर पेपर फुटला म्हणतील. पेपर संपेपर्यंत अवाक्षर काढणार नाही, असं लिहून दिलंय ना तुम्ही?”

“दिलंय.”

“मग? सर आले की मार्क देतील बघून.” मग स्वतःच हसले. “त्यांनी आजवर कुणाला दिलेत म्हणा.”

नोकरी जाईल, याचं मला फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते हे, की आत सगळे आपलंच डोकं चालत नाही असं समजून बसलेत. पुरवण्या पोचवायच्या म्हणून आत गेले, तर पेनांचा आवाजही नव्हता.

सोनईची ती मुलगी पहिल्याच बाकावर होती. तिच्या पानावर तिसरा प्रश्न चार ठिकाणी खोडलेला, आणि पुढचं पान कोरं. ती नखाने ते गणित खरवडत होती, खाली काही दडलेलं असावं तसं.

“ठेवा तिथं,” वर्गावर देखरेखीला बसलेले इतिहासाचे सर खुर्चीतून म्हणाले. मी गठ्ठा ठेवला. पाय दाराकडे वळेनात. अपूर्णांकाच्या वरच्या भागाला आणि खालच्या भागाला मराठीत काय म्हणतात, ते मला आठवत नव्हतं. इंग्रजी शब्द जिभेवर होते, पण तेही उच्चारता येईनात.

“आणखी काय?” सरांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे न बघता वर्गाकडे तोंड केलं.

“तिसऱ्या प्रश्नात रेघेच्या वर एक्स अधिक एक आहे, आणि रेघेच्या खाली एक्स वजा एक,” मी म्हणाले. “तुमचं चुकलेलं नाही. मी चुकीचं टाइप केलंय.”