तेरा नंबरचा पाना

काल माळा आवरताना रॉकेलचा वास आला आणि फडक्यात गुंडाळलेला तेरा नंबरचा पाना हाताला लागला. मी तिथंच बसून राहिलो.

सत्तरच्या दशकात सोलापुरात सलीमभाई मिस्त्रींचं आणि माझं भागीत गॅरेज होतं. फियाटला मिलिमीटरचे पाने लागत, जुन्या अमेरिकन गाड्यांना इंचाचे. सलीमभाई गाडीखाली आडवे होत आणि न बघता हात लांब करून पाना उचलत. डावीकडे इंचाचे, उजवीकडे मिलिमीटरचे. त्यांची बोटं जागा ओळखत.

त्या दिवशी माळशिरसच्या एका बागायतदाराची लांबलचक अमेरिकन गाडी आली होती. गाडीखालून सलीमभाईंनी जोर लावला, पाना सटकला आणि बोल्टचे कोपरेच गेले. बोटं सोलवटून ते बाहेर आले.

"मिस्त्री, वय झालं की तुमचं," बागायतदार म्हणाला.

"हौ मालक. हातां को अब समजता नै," सलीमभाई हळूच म्हणाले.

मी वाकून गाडीखालचा पाना काढला. त्यावर तेराचा आकडा होता, म्हणजे मिलिमीटरचा. आदल्या संध्याकाळी फियाटचं काम उरकून मीच तो घाईत अर्ध्या इंचाच्या जागी ठेवला होता. दोघांत केसाएवढाच फरक. मी तो गुपचूप खिशात टाकला.

त्यानंतर सलीमभाई गाडीखाली गेले नाहीत. महिन्याभरानं त्यांनी आपले इंचाचे सगळे पाने माझ्यापुढं ठेवले. "तू रख. तेरे हातां पे भरोसा है," म्हणाले.

मी ते ठेवून घेतले.