लाइलच्या घशाखाली उतरेल असा बर्गर

डेलमार स्कारला काळजी करायला कारण लागत नाही, हे आमच्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. आयुष्यभर त्यानं दुधाचा टँकर चालवला आणि बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या भर उन्हाळ्यातही सीटमागं ठेवल्या. त्याच्या समोरच माझं घर, त्यामुळे असली माहिती गावाला पुरवण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं आहे.

या वर्षी मात्र त्याच्या काळजीला खरंखुरं कारण मिळालं. त्याचा थोरला भाऊ लाइल. घशाच्या कॅन्सरवर किरणांचे उपचार झाले, गाठ गेली, पण जाताना तोंडातली लाळही घेऊन गेली. कोरडा घास घशात अडकायचा, ठसका लागायचा, चेहरा जांभळा पडायचा. लाइल डेलमारकडे राहायला आला आणि डब्यातल्या दाट, गोड पेयावर दिवस काढू लागला. भिंतीचा रंग प्यायल्यासारखं वाटतं, म्हणायचा. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, की पुढच्या तपासणीपर्यंत वजन आणखी घटलं तर पोटात नळी घालावी लागेल. लाइलनंही स्पष्टच सांगितलं, की नळी घालू देणार नाही.

घरी येताना गाडीत डेलमारनं एवढंच विचारलं, तुला खावंसं तरी काय वाटतं?

"हरणाचा बर्गर," लाइल म्हणाला. "तो दिलास तर खाईन."

आता यात गोम अशी. विस्कॉन्सिनच्या आमच्या उत्तर भागात हरणाचा बर्गर घरोघरी होतो, पण हरणाच्या अंगात खाण्याजोगी चरबी जवळजवळ नसतेच. म्हणून शहाणी माणसं खिम्यात डुकराची नाहीतर गाईची चरबी मिसळतात. स्कारांच्या घरात ते पाप. नुसतं हरीण, दुसरं काही नाही, असं त्यांचे वडील छाती काढून सांगायचे, आणि हे दोघे भाऊही. शिकारीचा हंगाम उघडला की पहिल्या रविवारी गॅरेजच्या दारात निखाऱ्यांवर ते आपले शुद्ध बर्गर भाजणार आणि अख्ख्या रस्त्याला वाटणार. आमच्या वाट्याचा एक माझ्या नवऱ्यानं एकदा हळूच कुत्र्याला दिला. कुत्र्यानं तो नेऊन अंगणात पुरला.

आणि असला बर्गर लाइलच्या घशाखाली उतरवायचा होता.

डेलमारनं ऑक्टोबरातच सराव सुरू केला. फ्रीझरमध्ये गेल्या वर्षीचं हरीण होतं. लाइल दुपारी झोपला की हा जाळीखाली निखारे पेटवायचा आणि चव बघायला मला हाक मारायचा. मी फुकटचं खायला कधी नाही म्हटलेलं नाही, पण ते दिवस अवघड होते. आधी त्यानं वरून लोणी ओतलं. बाहेरून ओठ माखले, आत भुसा. लालसर ठेवला असता तर थोडा ओलावा राहिला असता, पण डॉक्टरीणबाईंनी कच्चं काही देऊ नका म्हणून बजावलेलं. त्यामुळे हा मांसात थर्मामीटर खुपसून उभा, आणि रस निथळून निखाऱ्यांवर चुर्र वाजला की याचा चेहरा पडायचा.

मी म्हटलं, चरबी घाल आणि मोकळा हो. तो माझ्याकडे असं बघत राहिला, जणू मी चर्चमध्ये बिअर मागितली.

चार दिवसांनी तो गाडी घेऊन पलीकडच्या जिल्ह्यातल्या खाटकाकडे गेला, म्हणजे गावात कुणाला कळू नये. त्या दुकानात माझी मावसबहीण कामाला आहे. गाईच्या चरबीचं पुडकं घेऊन डेलमार घरी पोचायच्या आत मला फोन आला होता. मी बोलले नाही. म्हणजे, त्याच्याजवळ बोलले नाही.

चरबी घातली, तरी जमेना. आता कोरडा नव्हता, पण असा चिवट की दात आत जाऊन परत बाहेर फेकले जात. डेलमार उलट्या बादलीवर बसला आणि हातातल्या उलथन्याकडे बघत राहिला.

"जोलीन," तो म्हणाला, "हे त्याच्या घशात अडकलं तर मी काय करू? मीच दिलेलं अडकलं तर?"

मी त्याच्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि जाळीवर झाकण टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंडी परत द्यायला गेले, तर हा बाह्या सरसावून खिमा मळत होता. मीठ आदल्या संध्याकाळीच घालून ठेवलेलं. कोपरापर्यंत जोर लावून मळणं चाललं होतं, खिमा हाताला चिकटून तारा सुटेपर्यंत. हिवाळ्यात तो सॉसेज करतो, आणि ते मात्र गावात एक नंबर, हे त्याच्या वैऱ्यांनाही मान्य आहे.

मी आपली गंमत केली. "बर्गर करतोयस की सॉसेज भरतोयस?"

त्याचे हात खिम्यातच थांबले. सॉसेज बांधून यावं म्हणून मीठ आधी घालायचं, जीव खाऊन मळायचं. बर्गरला नेमकं तेच बाधतं, तो चिवट होतो. इतकी वर्षं हात आपल्या सवयीनं एकच काम करत आले होते आणि डोक्यानं त्यांना कधी विचारलंच नव्हतं. त्यानं नळाखाली हात धुतले, फार वेळ धुतले, आणि मला अंड्यांसकट घरी पाठवलं.

हंगाम उघडला त्या शनिवारी लाइल जंगलात नव्हता. डेलमार एकटाच मचाणावर बसला. त्याच्यासमोरून एक थोरला शिंगाळा नर निवांत चालत गेला, पलीकडच्या टेकडीवरून दोघातिघांनी पाहिलं, आणि यानं बंदूक उचललीसुद्धा नाही. नंतर एक कोवळी मादी आली, ती पाडली. संध्याकाळी गावच्या बारमध्ये हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. म्हातारा झोपला होता, चष्मा विसरला होता, काय काय. डेलमारनं बिअर संपवली आणि कोवळ्या मांसाबद्दल चकार शब्द काढला नाही.

रविवारी गॅरेजचं दार उघडं, बाहेर भुरभुर बर्फ. डेलमारनं गोळी लागलेल्या जागेभोवतीचं मांस सढळ हातानं कापून टाकलं होतं, शिशाचा कण राहू नये म्हणून. खिमा आणि चरबी बर्फासारखी गार ठेवून बोटांच्या टोकांनी जेमतेम एकत्र केली, एखादं पाखरू धरावं तशी. फुगू नये म्हणून टिक्कीच्या मधोमध अंगठ्यानं खळगा पाडला. मीठ घातलं ते टिक्की जाळीवर टाकायच्या क्षणी, तेही वरून. एकदाच उलटलं. उलथन्यानं दाबायला हात उठला, तो त्यानं दुसऱ्या हातानं धरला. मी पाहिलं. थर्मामीटरनं शिजलं म्हटल्यावर ताटलीत उतरवलं आणि कोपऱ्यात बाजूला ठेवलं, म्हणजे रस आतच मुरावा.

लाइल ब्लँकेट गुंडाळून खुर्चीत बसला होता. त्यानं घास घेतला. डेलमार एका हातात पाण्याचा ग्लास घेऊन आणि दुसरा हात पाठीवर थाप मारायच्या तयारीत ठेवून उभा. लाइल चावत राहिला. चावत राहिला. गिळला. खोकला. डेलमारचा ग्लास हिंदकळून बुटावर सांडला.

"गाय घातलीस," लाइल म्हणाला.

डेलमार खाली बघत म्हणाला, "घातली."

"बाबा असते तर दोघांनाही घराबाहेर काढलं असतं." लाइलनं दुसरा घास घेतला, तोही हळूहळू उतरला. "आधीच का नाही घातलीस, गाढवा? इतकी वर्षं मी बुटाचे तळवे चावत बसलो."

"तू बोलला नाहीस कधी."

"तू तरी कुठे बोललास?"

डेलमार नुसता लाइलच्या घशाकडे टक लावून होता, कंठमणी वर जातो, खाली येतो, वर जातो.

"आणि असा बघू नकोस. तुझ्या नजरेनंच घास अडकतो. तिकडे तोंड कर."

डेलमारनं जाळीकडे तोंड केलं. निखारे उगाच हलवले. पण कान मागे लावलेले, खांदे गळ्यापर्यंत आलेले, आणि डोळे माझ्यावर. मी समोर उभी होते, मला लाइल दिसत होता. भुवया उंचावून डेलमारनं मला विचारलं, उतरला का?

लाइलनं तिसरा घास घेतला, अर्ध्यात थांबला, पाणी प्यायला. मग कंठमणी एकदा वर गेला आणि खाली आला.

मी मान हलवली. डेलमारनं दुसरी टिक्की जाळीवर टाकली आणि पुन्हा भुवया उंचावल्या.