घंटा वाजली होती

जावातल्या करांगवुनी गावाच्या रेल्वे फाटकावर लेगिमानने एकोणीस वर्षं काढली. माणूस वाईट नव्हता. भिडस्त होता, आणि फाटकावर बसणाऱ्याला भीड परवडत नाही.

फाटकाशेजारी डचांच्या काळातली घंटा होती. जाड लोखंडी खांबावर पालथ्या कढईसारखी टोपी, आत घड्याळासारखी चक्रं आणि साखळीला टांगलेलं वजन. रोज सकाळी लेगिमान दांडा फिरवून ते वजन वर चढवायचा. मग स्टेशनातून तारेने वीज आली की हातोडी सुटायची. ठोक्यांची एक फेरी म्हणजे गाडी पश्चिमेकडून, दोन म्हणजे पूर्वेकडून. घंटेनंतर चार मिनिटांनी गाडी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या चार मिनिटांच्या भरवशानेच घात केला.

त्या दिवशी दोन मार्गांपैकी एकावरून पश्चिमेची लांबलचक मालगाडी जात असतानाच घंटा झाली. दोन फेऱ्या. लेगिमानने नीट ऐकल्या. पण फाटकापाशी लुराहची, म्हणजे गावप्रमुखाची, जीप उभी होती आणि आत मुलीच्या सासरची मंडळी घामाघूम झालेली.

"लिक," लुराहने मान बाहेर काढली. गावात सगळे लेगिमानला लिक, म्हणजे काका, म्हणत. "व्याह्यांची पंगत आता रुळावरच मांडू काय?"

व्याही हसले. मोठ्या माणसाला नाही म्हणणं लेगिमानच्या जिभेला कधी जमलंच नव्हतं. मालगाडीचा शेवटचा डबा गेला, तसं त्याने फाटक उचललं. दोन मिनिटं आहेत की, असा त्याचा हिशेब. जीप गेली. तिच्यामागून टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणारी पोनिरा सायकल ढकलत शिरली आणि चाक रूळ नि फळीच्या फटीत अडकलं. लेगिमानने धावत जाऊन तिला ओढलं. तोवर पूर्वेची गाडी आलीच. सायकलीचा चेंदामेंदा झाला आणि पोनिराच्या डाव्या पायाची तीन बोटं गेली.

चौकशीला रेल्वेचा साहेब आला. "घंटा वाजली होती?"

लेगिमानने तोंड उघडलं, तोवर लुराहच बोलला, "कुठली वाजतेय! मी होतो ना तिथे. जुनं धूड ते!"

दहा माणसांसमोर लुराहला खोटं पाडायचं? लेगिमान खाली बघून म्हणाला, "जी." बस, एवढंच. कागदावर घंटा नादुरुस्त ठरली.

पाच महिन्यांनी लाल दिवे आणि भोंगा बसवायला माणसं आली. घंटा उतरवण्याआधी मुकादमाने स्टेशनाला फोन करून ती एकदा वाजवून पाहिली. दोन फेऱ्या, खणखणीत.

"अहो लिक!" मुकादम ओरडला. "मेली म्हणून कळवलंत, ही तर नवरीसारखी किणकिणतेय!"

सगळे खो खो हसले. लेगिमानच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दांडा तिथेच टाकून तो तडक पोनिराकडे गेला. ती ओट्यावर टेम्पेच्या पुड्या बांधत होती.

"पोनिरा, त्या दिवशी घंटा वाजली होती."

"माहीत आहे की," तिने मान वर केली नाही. "मीही ऐकली."

"मग शिरलीस कशाला?"

"फाटक तुम्ही उघडलंत ना, लिक. म्हटलं, तुम्हांला जास्त कळतं."

"आणि चौकशीत बोलली नाहीस?"

"तुमची नोकरी होती." तिने केळीचं पान दुमडलं. "चहा घ्याल?"

ती ओरडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर त्याला उभं राहता आलं असतं. चहा न घेताच तो निघाला आणि थेट स्टेशनमास्तरांसमोर जाऊन उभा राहिला. घंटा वाजली होती, मी ऐकली होती, फाटक मी भिडेपोटी उघडलं, असं लिहून खाली सही केली. लुराहने नंतर त्याच्याशी बोलणं सोडलं. रेल्वेने फाटकावरचं काम काढून घेतलं आणि हातात स्टेशनचा झाडू दिला.

फलाटाच्या टोकावरून नवं फाटक दिसतं. पहाटे पोनिरा डोक्यावर टोपली घेऊन लंगडत येते. दिवे विझलेले, दांडी वर, भोंगा गप्प. तरी ती थांबते. टोपली खाली ठेवते, रुळांच्या दोन्ही बाजूंना नीट बघते, मगच पाऊल टाकते. कुणाच्याही फाटकावर तिचा आता विश्वास नाही.

तेवढा वेळ लेगिमान तिकडे पाठ करून झाडत राहतो.