आत्याचा खोकला

“मनेल्ली यारिगादरू केम्मु इदेया, अम्मा?” घरात कोणाला खोकला आहे का, असं मुलांच्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं. आत माझी नात होती, महिन्याचीसुद्धा नव्हती. मी “इल्ला”, नाही, म्हटलं आणि लगेच मला माझी लेक सुप्रिया आठवली.

नातीच्या नाकातल्या नमुन्याची पीसीआर केली होती, म्हणजे जंतू नेमका कुठला ते ओळखायची तपासणी. पर्टुसिस निघाला. आपण त्याला डांग्या खोकला म्हणतो. माझा विश्वासच बसेना, कारण बाळ फारसं खोकलंच नव्हतं. दूध पिता पिता थांबायचं, ओठ निळे पडायचे, मग श्वास परत यायचा. डॉक्टर म्हणाल्या, “याला अ‍ॅप्निया म्हणतात, श्वास मध्येच थांबणं. इतक्या लहान बाळांना कधी कधी खोकताही येत नाही.”

बारसं सर्जापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये झालं होतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातले, बोलण्यात निम्मं कन्नड, पण बारसं अगदी रीतसर. सुप्रियानं भाचीला छातीशी धरलं, कानाशी तोंड नेऊन ‘कुर्रर्र’ केलं आणि ‘मीरा’ म्हणाली. बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, तशी ती खोकतच सुटली. “स्वल्प हळू गं, आत्या मोडेल!” म्हणत आम्ही हसलो. खोकला तिला बरेच दिवस होता. ताप नाही, काही नाही. या शहरात कोणीही खोकलं की अ‍ॅलर्जी म्हणायचं आणि सोडून द्यायचं, तसंच झालं. मोठ्यांना डांग्या खोकला असा साधाच वाटू शकतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

घरातल्या सगळ्यांना अँटिबायोटिक दिलं. मीराला व्हेंटिलेटर लागला. माझी सून अश्विनी बाहेर बसून दूध काढायची आणि नर्सच्या हाती बाटली द्यायची. एका सकाळी नर्सनं बाटली घेतली नाही. “आधी डॉक्टरांशी बोला,” म्हणाली. अश्विनी बाटली घट्ट धरून आत गेली. मीरा गेली होती.

तुमच्या घरात कोणी गरोदर असेल तर हे नीट वाचा. बाळाला पहिली लस दीड महिन्याला मिळते. तोवर त्याला जपते ती आईनं गरोदरपणात घेतलेली टीडॅप, म्हणजे धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला या तिन्हींवरची लस. ती प्रत्येक गरोदरपणात, साधारण सातव्या-आठव्या महिन्यात घ्यायची. अश्विनी तेव्हा बेळगावला माहेरी गेली, मग इकडे परतली आणि दोन डॉक्टरांच्या मध्ये ती लस राहूनच गेली. आणि खोकणाऱ्या माणसाला बाळ देऊ नका. रुसेल तर रुसू दे. मी आता तोंडावर सांगते, लोक मला खडूस म्हणतात.

सुप्रियानं आमच्याकडे येणं सोडलं. मला तिचा राग यायचा आणि तिच्यासाठी जीवही तुटायचा. त्या आजाराबद्दल अश्विनी तिला एक शब्द बोलली नाही. तिचं ते गप्प राहणं मला फार जड जायचं.

यंदा सुप्रियाला दिवस गेले. लस घ्यायची वेळ आली तरी ती जाईना. फोनवर मला म्हणाली, “अम्मा, माझ्या बाळाला काय व्हायचं ते होऊ दे. मी कुठल्या तोंडानं त्याला वाचवू?” फोन स्पीकरवर होता. अश्विनी भाजी चिरत होती. तिनं विळी मिटली, हात धुतले आणि रिक्षा बोलावली. मीही तिच्याबरोबर बसले.

एचएसआर लेआउटमधल्या तिच्या घराचं दार सुप्रियानं उघडलं आणि वहिनीला बघून मागेच सरकली. अश्विनी म्हणाली, “अक्का, चप्पल घाला. इंजेक्शन घ्यायला जायचंय.”

“तू कशाला आलीस गं?”

“माझ्यासारखं दुसरं कोणी नको म्हणून.”

दवाखान्यात सुई टोचताना सुप्रिया हुंदके देत होती आणि अश्विनी तिचा हात धरून बसली होती. सासूनं सुनेच्या पाया पडायची रीत आमच्यात नाही. मी बाकावर बसल्या जागी हात जोडले.