फोड येणारे पाय

भावाचा पाय मोडला त्या संध्याकाळी सगळं घर त्याच्या पायाकडं बघत होतं आणि मी माझ्या पायांकडं.

तो वाळूजच्या कारखान्यात आहे. शिफ्ट संपवून मोटारसायकलवर घरी येताना एका टेम्पोनं त्याला बाजूनं धक्का दिला. जीव वाचला, डोक्याला काही लागलं नाही, पण घोट्याच्या वर हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आमचा उमरा, म्हणजे मक्केची यात्रा, तेव्हा अगदी तोंडावर आला होता. व्हिसा झाला होता, तिकिटं हातात होती.

यात्रा अम्मीसाठी होती. तिचं हृदय अशक्त झालंय. पलंगापासून मोरीपर्यंत गेली तरी तिला धाप लागते. हृदयाच्या डॉक्टरांनी आम्हा भावंडांना बाहेर बोलावून सांगितलं होतं, "न्यायचं असेल तर आता न्या. पुढच्या वर्षीचं मी काही सांगत नाही." मग ठरलं की तिला व्हीलचेअरवर बसवून न्यायचं. भाऊ खुर्ची ढकलणार आणि मी औषधांची पिशवी, पाणी, कागदपत्रं सांभाळणार. आता भावाच्या जागी मीच उरले होते.

टूरवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, "त्यात काय एवढं? तिथं खुर्ची ढकलणारी माणसं मिळतात."

अम्मी ऐकत होती. म्हणाली, "नक्को."

आम्ही घरात दखनी बोलतो. मी करमाडजवळच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळं लिहायला बसलं की अम्मीसुद्धा माझ्या कागदावर मराठीच बोलते. फक्त तिचं 'नक्को' तेवढं मी तसंच ठेवते. त्याला दुसरा शब्द नाही.

"का नको?" मी विचारलं.

"माझा श्वास अडकला तर त्या परक्या माणसाला कसं कळणार? तो तर पाठीमागं असणार. तुम्हाला आवाजावरून कळतं." मग तिची नजर माझ्या पायांवर गेली.

माझ्या पायांना फोड येतात. हे वाक्य कुणाला सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी सांगणं सोडून दिलं होतं. तळपाय पुढून पसरट, टाचा अरुंद, आणि थंडीतसुद्धा घाम. शाळेत असताना पंधरा ऑगस्टच्या संचलनाला कॅनव्हासचे बूट घालावे लागायचे. झेंडा वर जायच्या आत माझ्या टाचेवर पाण्याचा फुगा आलेला असायचा. घरात कुणाचं लग्न असलं की नव्या जुत्या पिशवीत आणि पायात रबरी चप्पल. सहलीला मुलांना अजिंठ्याला नेलं, तेव्हा परतीच्या बसमध्ये मुलं गाणी म्हणत होती आणि मी मोजे सोलून काढत होते. सोलूनच म्हणावं लागेल, कारण ते कातडीला चिकटले होते.

असे पाय घेऊन मला चढावर खुर्ची ढकलायची होती. आमचं हॉटेल हरमपासून, म्हणजे काब्याभोवतीच्या मशिदीपासून, लांब होतं आणि मधला रस्ता चढाचा. दिवसातून निदान दोनदा जाणं-येणं. आत पायातले बूट काढायचे आणि मोज्यांवर किंवा अनवाणी संगमरवरावर चालायचं. वाटेतच फोड आले तर पुढं फरशीवर काय होईल, हा विचार डोक्यातून जात नव्हता.

पहिले बूट पैठणगेटला घेतले. मी मुद्दाम संध्याकाळी गेले, कारण दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजतात आणि तेव्हाच खरं माप कळतं. दुकानदारानं लेडीजचा कप्पा दाखवला. सगळे सुंदर, सगळे पुढून निमुळते. त्यातल्या त्यात मऊ जोड घेतला, दुकानात चालून पाहिला, ठीक वाटला. दुसऱ्या दिवशी शाळेत घालून गेले. मधल्या सुट्टीपर्यंत करंगळी लाल झाली होती, आणि शाळा सुटायच्या वेळी उजव्या टाचेला फोड.

दुसरे सँडल घेतले, सगळ्या बाजूंनी पट्टे असलेले. कॅनॉटमधल्या दुकानातल्या मुलीनं छातीठोकपणे सांगितलं, "मॅडम, हवा लागते, यात फोड येऊच शकत नाही." सपाट रस्त्यावर ते बरे होते. चढावर पाय मागं सरकायचा, उतारावर पुढं, आणि प्रत्येक वेळी पट्टा एकाच जागी घासायचा. तिसरे बिननाडीचे, जाळीचे बूट मोबाइलवरून मागवले. ते इतके हलके होते की मला आशा वाटली. पण प्रत्येक पावलाला टाच उचलली जायची आणि परत बसायची. टाचेचा जुना फोड पुन्हा फुटला.

तोपर्यंत मला एक गोष्ट कळून चुकली होती. बूट पारखायला कातडी लागते, आणि माझी कातडी संपत चालली होती. एका जोडाची परीक्षा घेतली की ती जखम भरेपर्यंत थांबायचं, आणि थांबायला दिवस नव्हते. फोड भरला नसताना दुसरा बूट घातला तर दुखतंय ते बुटामुळं की जुन्या जखमेमुळं, हे सांगता यायचं नाही. मी रोज सकाळी उठून आधी टाच बघायचे.

सल्ले मात्र चारही बाजूंनी आले. खालाजाननं, म्हणजे मावशीनं, तळपायांना मेंदी लावली, उष्णता निघते म्हणून. शाळेतल्या बाई म्हणाल्या, तुरटीच्या पाण्यात पाय बुडवा. शेजारीण म्हणाली, खोबरेल तेल. मी सगळं केलं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई तेवढ्या नीट बोलल्या. फोड फोडू नका, सुती मोजे घाम धरून ठेवतात तेव्हा ते घालू नका, आणि जिथं घासतं तिथं फोड यायच्या आधीच कागदी टेप लावा. मी विचारलं, "पण बूट कोणते?" त्या म्हणाल्या, "ते तुमच्या पायालाच ठाऊक."

माझ्या पायाला काहीच ठाऊक नव्हतं. चौथा जोड परत करून रोशनगेटला रिक्षातून उतरले, तेव्हा घरापर्यंतची छोटी वाट मला भिंतीला धरून जावी लागली. दारात चप्पल काढली आणि तिथंच उंबऱ्यावर बसले. आतून अम्मी बघत होती. थोड्या वेळानं मी खोलीत गेले तर ती पलंगावर बसून सूटकेसमधून स्वतःचे कपडे बाहेर काढत होती. एकेक दुपट्टा घडी करून बाजूला ठेवत होती.

"काय करतेस?"

"टूरवाल्याला फोन कर. म्हणावं, म्हातारीची तब्येत बरी नाही. रद्द कर."

"तुझी तब्येत तर ठीक आहे."

"तुझे पाय बघ, बेटा. मी अल्लाच्या घरी जायला तुझे पाय सोलू का?"

मला रडू आलं नाही, राग आला. कुणावर ते कळेना. मी ते दुपट्टे उचलून परत सूटकेसमध्ये कोंबले. ती बाहेर काढत राहिली, मी कोंबत राहिले, आणि शेवटी तिला धाप लागली म्हणून दोघी थांबलो. तिची छाती वरखाली होताना बघत मी उभी होते. कुठल्याशा बुटापायी हिची शेवटची इच्छा राहणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी भावानं हाक मारली. यात्रेसाठी घेतलेली व्हीलचेअर कोपऱ्यात तशीच उभी होती. तो म्हणाला, "आपा, मला त्यात बसव आणि बाहेर घेऊन चल."

"वेडा झालास का?"

"रिकाम्या रस्त्यावर बूट घालून काय कळणार? वजन पाहिजे. मी अम्मीपेक्षा जड आहे."

प्लास्टरचा पाय समोर फळीवर ठेवून, बाजूला भाभी, अशी आमची वरात हिमायत बागेजवळच्या चढाला गेली. मी पहिलाच जोड घातला होता, टाचेला टेप लावून. लोक वळून बघत होते. एका ओळखीच्या बाईनं थांबून विचारलं, "दवाखाना तिकडं आहे ना?" भाऊ म्हणाला, "हौ, पण आधी हवा खातो." मला हसायचंही त्राण नव्हतं. अर्ध्या चढावर मी खुर्ची आडवी लावली आणि फुटपाथवर बसून बूट काढले.

तो खुर्चीतून वाकून माझ्या पायांकडं बघत होता. "आपा, ढकलताना तुझी बोटं फाकतात. सगळा जोर पुढच्या चवड्यावर जातो. ह्या बुटात बोटांना जागाच नाही." मग म्हणाला, "माझे घाल."

त्यानं यात्रेसाठी बूट घेतले होते. पुढून ऐसपैस, जाड तळाचे, राखाडी. अपघाताआधी महिनाभर रोज कामावर जाता-येता घालून त्यानं ते मऊ करून ठेवले होते. त्याचा पाय पुरुषाच्या मानानं लहान, माझा बाईच्या मानानं रुंद. आयुष्यभर मी लेडीजच्या कप्प्यासमोर उभी राहिले होते आणि कुठल्याच दुकानात मला पलीकडचा कप्पा बघ म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं.

घरी येऊन घातले. बोटं मोकळी हलली. पण टाच मागं सैल. भाभीनं मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला. बुटाच्या अगदी वरच्या टोकाला एक जास्तीचं भोक असतं. त्यातून नाडीचा फास करायचा, समोरची नाडी त्या फासातून ओवायची आणि मग आवळायची. तसं बांधलं, आत पातळ मोजा आणि वर जाड, आणि टाच धरली गेली. दोन दिवस जखमा भरू दिल्या. तिसऱ्या दिवशी भावाला घेऊन पुन्हा त्याच चढावर गेलो. वर पोचून बूट काढले. चवड्यावर एक लाल डाग होता, बाकी काही नाही. भावानं प्लास्टरवर टाळी वाजवली. मी त्या लाल डागाकडंच बघत राहिले. डाग म्हणजे उद्याचा फोड, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

मक्केत पहिल्या दिवशी बुटांनी साथ दिली. हॉटेलपासूनचा चढ मी न थांबता चढले. अम्मी पुढं बघत दुआ म्हणत होती आणि मी तिचा श्वास ऐकत होते. दारापाशी बूट पिशवीत टाकून मी मोज्यांवर आत गेले. खुर्च्यांना वरच्या मजल्यावरून तवाफ, म्हणजे काब्याभोवतीच्या सात फेऱ्यांचा विधी, करावा लागतो, तिथला फेरा खूप मोठा. तो झाला. त्याआधी काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा अम्मीनं एक हात मागं करून माझी मनगटं चाचपली, मी आहे ना म्हणून.

मग सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथं खुर्च्यांसाठी मधून वेगळी वाट आहे. निम्म्या फेऱ्यांनंतर चवड्यावरची ती लाल जागा फुटली. मोजा ओला झाला. मी दात दाबून चालत राहिले, तोंडातून आवाज काढला नाही.

"थांब," अम्मी म्हणाली.

मी घाबरून पुढं गेले. "काय होतंय? गोळी देऊ?"

"मला काही नाही. तुझा श्वास अडकतोय."

"काही नाही," मी म्हणाले. तिनं मान वळवून मागच्या फरशीकडं पाहिलं. रक्ताचा डाग पुसट होता, पण होता. तिनं तिथल्या खुर्ची ढकलणाऱ्या एका माणसाला हातानं खूण केली.

"अम्मी, तूच म्हणाली होतीस, परक्याला कळणार नाही म्हणून."

"मी सांगेन त्याला. मला तोंड आहे."

एका खांबाला टेकून मी मोजा बदलला, टेप लावली. टेपचं टोक सापडेना. इथवर येऊन माझ्या हातून ते पुरं होणार नाही, हे मला सहन होत नव्हतं. अम्मीनं खुर्चीतूनच वाकून टेपचं टोक नखानं उकलून दिलं. उरलेल्या फेऱ्या त्या माणसानं खुर्ची ढकलली आणि मी शेजारून लंगडत, तिच्या हातावर हात ठेवून चालले. फेऱ्या माझ्याही व्हायच्याच होत्या. त्या माणसाला ती मधेमधे "जरा हळू, बेटा" म्हणायची आणि तो हळू व्हायचा.

मक्केहून आम्ही मदिनेला गेलो आणि तिथं माझा पाय सुजला. दोन दिवस आम्ही दोघी खोलीतच होतो. आमच्या टूरमधल्या बायका नमाजहून येऊन तिथलं वर्णन करायच्या आणि अम्मी डोळे मिटून ऐकायची. त्या दोन दिवसांचं मला अजून वाईट वाटतं. तिसऱ्या दिवशी त्याच बायकांनी आळीपाळीनं तिची खुर्ची नेली, आणि यावेळी ती कुणालाच नक्को म्हणाली नाही.

परत आलो तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं. भाभी सगळ्यांना मक्केच्या जमजम विहिरीचं पाणी आणि खजूर वाटत होती, भाऊ कुबड्यांवर दारात उभा होता. अम्मी उशीला टेकून बसली होती. एकेका वाक्यानंतर थांबत, श्वास घेत ती सांगत होती, काबा पहिल्यांदा कुठून दिसला आणि दिसल्यावर अल्लाकडं जे मागायचं होतं ते सगळं ती कशी विसरून गेली.