बावीस दाण्यांचं गरम पाणी

धानाच्या मुलखातल्या गोरेगावातले आमचे शेजारी शालीकरामभाऊ म्हणजे निवृत्त लाइनमन. अख्खी नोकरी खांबावर गेली, त्यामुळे जमिनीवरच्या माणसांवर त्यांचा फारसा विश्वास नाही. "माणूस खोटं बोलते, मीटर नाही," असं ते पाहुण्यांनाही ऐकवत.

त्यांच्या बायकोची, प्रेमिलाबाईंची, बोटं संधिवातानं आखडली. थंडीत लुगड्याची गाठसुद्धा मारता येईना. म्हणून नागपूरच्या मुलानं, अश्विननं, गिझर बसवून दिला. भाऊंनी लगेच त्याची चौकशी लावली. सकाळी दिवे, टीव्ही, फ्रीज सगळं बंद. चालू फक्त गिझर. मग मीटरखाली स्टुलावर बसून त्याच्या लाल दिव्याची लुकलुक मोजायची. शंभर झाल्या की ताटलीत धानाचा एक दाणा. बत्तीस दाण्यांचा एक युनिट.

पहिल्याच दिवशी बावीस दाणे पडले.

"अवं, आंग धुऊन राहिली का धान उकडून राहिली?" भाऊ न्हाणीच्या दाराशी ओरडले.

"तुमी मोजा न जी गुमान!" आतून उत्तर.

हा विनोद भाऊंना इतका आवडला, की तो चहाच्या टपरीवर, विहारात, पिठाच्या गिरणीत सगळीकडे सांगून झाला. "आमची बाई बावीस दाण्याची!" लोक हसले. मी जरा जास्तच हसलो.

आठवड्याभरात दाणे सहावर आले. भाऊ खूश. "मशीनले वळण लागलं. नवा बैलही पहिले असाच खाते."

पौषातल्या एका सकाळी पाणी तापलं, मीटरचा दिवा थांबला, प्रेमिलाबाई आत गेल्या. तांब्या-तांब्यानं पाणी पडू लागलं. गरम पाणी काढलं की टाकीत थंड शिरतं आणि दिवा पुन्हा लुकलुकायला हवा. तो गप्पच.

"प्रेमिला, गरम घेऊन राहिली न?"

"हो जी. चांगलं कडक हाये."

भाऊ मीटरकडे बघत राहिले. ती बाहेर आली तेव्हा त्यांनी तिचे हात हातात घेतले. बोटं लाकडासारखी ताठ आणि गार.

"काऊन वो?"

"गाव हासून राहिलं होतं. सहा दाण्यावर कोणी हासत नाही."

दुसऱ्या दिवसापासून भाऊ स्वतः गरम बादली भरून देऊ लागले. चारच दिवस. पाचव्या दिवशी बाईंचं हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनंच होतं, पाण्याचा संबंध नाही. भाऊंनी मला तीनदा विचारलं. मीही तिन्ही वेळा नाहीच म्हणालो.

शेवटच्या आंघोळीसाठी बायांनी अंगणात तीन विटा मांडून पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढवला होता. भाऊंनी तो उतरवायला लावला आणि आतून गिझरचं पाणी आणलं. हात बुडवून पाहिलं. दुसरी बादली आणली. तिसरी.

"बस झालं भाऊजी," आंघोळ घालणाऱ्या दुर्गाबाई हळूच म्हणाल्या, "झालं आंग धुनं."

"बोटाइवर आणखी थोडं टाका वो," भाऊ म्हणाले आणि चौथी भरायला आत गेले.