डिस्चार्ज म्हणजे सुट्टी

धुळ्याला देवपुरात मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. अकरावीच्या मुलांना मी दरवर्षी एक तास फक्त शब्दांच्या मुळांसाठी द्यायचे. त्यात एक शब्द ठरलेला, डिस्चार्ज. मुलांना तो आधीच माहीत असायचा. मोबाइल डिस्चार्ज होतो, धरणातून पाणी सोडलं की त्यालाही डिस्चार्ज म्हणतात, जखमेतून पू येतो तोही डिस्चार्ज. कोर्ट आरोपीला सोडतं तेव्हा हाच शब्द आणि दवाखाना पेशंटला घरी पाठवतो तेव्हाही हाच. मग मी फळ्यावर गाडा काढायचे. लॅटिनमध्ये गाड्याला एक शब्द होता, त्यावरून गाड्यात ओझं भरणं आलं, आणि फ्रेंचमधून येता येता पुढे ‘डिस’ लागून ओझं उतरवणं. पाणी, पू, आरोपी, पेशंट, सगळे त्या गाड्यातून उतरलेले. मुलं हसायची. मलाही तो तास आवडायचा.

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, न्यूमोनिया झाला तेव्हा मी रजा टाकून एरंडोलला गेले आणि त्यांना जळगावच्या एका दवाखान्यात दाखल केलं. त्यांच्या शेजारच्या खाटेवर एक माणूस बेशुद्ध पडलेला होता. यावलच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचं गाव. पावसाळ्यात स्वतःची थोडी कोरडवाहू जमीन करायची आणि बाकी वर्ष केळीच्या गाड्या भरायच्या, असं त्याचं चालायचं. भरलेल्या ट्रकवर दोर आवळताना दोर तुटला आणि हा वरून खाली डोक्यावर आपटला. सोबत फक्त बायको होती. तिचं माहेर शिरपूरकडचं, त्यामुळे ती माझ्याशी अहिराणीत बोलायची आणि मला ते माझ्या आजोळसारखं वाटायचं.

चार दिवस आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो. मी नानांसाठी आणलेली खिचडी तिला द्यायचे, ती मला भाजलेले शेंगदाणे द्यायची. नवऱ्याचे तळपाय ती सारखे चोळत असायची. त्याच्याशी बोलायची मात्र नाही. एकदा म्हणाली की चारचौघांत नवऱ्याशी बोलायची आपल्याला लाज वाटते, घरी नेल्यावर बोलेन.

पाचव्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. त्यांनी माणसाच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, सिस्टरशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलले आणि पुढच्या खाटेकडे गेले. मी जवळच उभी होते. आता काही करण्यासारखं उरलेलं नाही, घरी पाठवा, खाट लागणार आहे, असा त्या वाक्यांचा अर्थ होता. थोड्या वेळाने सिस्टर एक छापील कागद घेऊन आली आणि तिने तो माझ्याच हातात दिला.

“मॅडम, तुम्ही हिला वाचून दाखवा. तुमचं समजतं तिला.”

कागद इंग्रजीत होता. पेशंटची प्रकृती अत्यंत गंभीर असल्याची पूर्ण कल्पना आम्हाला दिलेली आहे, आमच्या विनंतीवरून त्याला डिस्चार्ज देण्यात येत आहे, पुढे जे होईल त्याची जबाबदारी आमची. मी तो दोनदा वाचला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. कागदावरचा तो एक शब्द तिने सिस्टरच्या तोंडून ऐकला होता.

“ताई,” ती म्हणाली, “मोबाइल डिस्चार्ज व्हस तव्हय बंद पडस. मानूस डिस्चार्ज व्हस तव्हय?”

मी हसले. हे मला आजही जसंच्या तसं आठवतं की मी हसले. मोबाइलचं वेगळं आणि दवाखान्याचं वेगळं, असं मी तिला म्हटलं. दवाखान्यात डिस्चार्ज म्हणजे सुट्टी.

“बरं व्हई गयं का मग?”

खरं सांगायची हीच वेळ होती. पण तिचा चेहरा इतका उजळला होता की माझ्या तोंडून निघालं, “घरी घेऊन जा. घरी बरं वाटेल त्यांना.” मी खोटं बोलले नाही, अशी मी तेव्हा मनाची समजूत घातली. सगळ्या दवाखान्यांत सुट्टीच म्हणतात, शब्द काही मी बनवला नव्हता.

तिने कागदावर एकेक अक्षर जुळवत सही केली. मग पिशवीतून धुतलेला सदरा काढून नवऱ्याला घातला आणि ओल्या हाताने त्याचे केस बसवले. गावी फोन करून सुट्टी मिळाल्याचं सांगताना तिचा आवाज सगळ्या वॉर्डात ऐकू गेला. जाताना तिने माझा नंबर घेतला आणि नानांच्या पाया पडली. नानांनी तिला आशीर्वाद दिला. गाडी गेल्यावर ते मला म्हणाले, “तू तिला सांगितलं नाहीस.” त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण डॉक्टरांचा चेहरा त्यांनीही पाहिला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. नवरा वाटेत गाडीतच गेला होता. एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

नानांना घरी आणलं आणि ते जरा चालायला लागले, तेव्हा मी यावलची बस धरली आणि पुढे जीपने तिच्या गावी गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. नाना म्हणाले जा, म्हणून गेले, असंही म्हणता येईल.

ती अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मला पाहून उठली, खाट टाकली, पाणी दिलं. मग तिने शांतपणे सगळं सांगितलं. सुट्टीचा फोन आल्यावर जावेने शिरा केला होता, दारात सडा घातला होता. गाडी आली तेव्हा बायका ओवाळायला ताट घेऊन उभ्या होत्या. मुलगा सुरतेला कपड्याच्या कारखान्यात आहे, त्याला तिने सावकाश ये म्हणून सांगितलं होतं. तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. गाडीत ती ड्रायव्हरशेजारी बसली होती, कारण मागे झोपायला ऐसपैस जागा राहू दे असं तिला वाटलं. नवरा कधी गेला ते तिला कळलंच नाही.

मी म्हटलं, “मला माहीत होतं. कागदात लिहिलेलं होतं. मी तुला सांगितलं नाही.”

ती आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद घेऊन आली. “आते तरी वाच,” म्हणाली.

मी एकेक वाक्य मराठीत वाचलं, या खेपेला काही न गाळता. विनंतीचं वाक्य आलं तेव्हा तिने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं.

“मी काय इनंती करी नही,” ती म्हणाली.

ती रडली नाही आणि मला काही बोललीही नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, आणि ते बरं वाटणं तिने मला का द्यावं? मुलाने सुरतेहून फोनवर सांगितलं, म्हणून मी तिथेच बसून तिच्या नावाने दवाखान्याला अर्ज लिहिला, साध्या मराठीत, की ही विनंती आम्ही केलेली नाही. उत्तर माझ्या पत्त्यावर तीन महिन्यांनी आलं. त्यात कागदावर नातेवाइकाची सही असल्याचं कळवलं होतं. मी मुलाला फोन करून ते शब्दशः वाचून दाखवलं. त्याने बरं म्हटलं. आईला सांगतो म्हणाला, आणि शिफ्ट सुरू होतेय म्हणून फोन ठेवला.